रायपूरची तांबडी पालवी

नागपूरहून निघालेली गाडी गोंदिया मागे टाकून डोंगरगडच्या दिशेने धावू लागली, की दोन्ही अंगांना टेकड्या आणि जंगल दिसू लागते. फाल्गुनाचे दिवस होते. पळसाचा बहर ओळखीचा होता. पण मधूनच एखादा डेरेदार वृक्ष असा दिसे, की त्याची पानेच लालबुंद झालेली असत. शेजारच्या प्रवाशाने त्याचे नाव ‘कुसुम’ असे सांगितले. आपल्याकडे त्यालाच कोशिंब म्हणतात. ते नाव मनात घोळवीतच मी रायपूरला उतरलो.

छत्तीसगडची ही राजधानी मराठी माणसाला सर्वस्वी परकी वाटत नाही. १७५८ साली बिंबाजी भोसले रतनपूरच्या गादीवर आले आणि पुढे १८५४ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होता. त्या काळापासून आणि नंतरही कारकुनी, वकिली, शिक्षण अशा निमित्तांनी अनेक मराठी घराणी येथे स्थायिक झाली. माझी मावशीही अशाच एका घरात सून म्हणून आली. तात्यापाऱ्यातील तिच्या घराला लहानसे अंगण आहे आणि त्या अंगणात तिचे सारे जग कुंड्यांतून मांडलेले आहे.

मावशीचा एकुलता मुलगा नोकरीनिमित्त जपानात असतो. एका शरद ऋतूत त्याने तेथील मेपल वृक्षांचे छायाचित्र धाडले. हाताच्या पंजासारखी चिमुकली पाने आणि सारी टेकडी कुंकवासारखी लाल! जपानी लोक या वृक्षाला मोमिजी म्हणतात आणि त्याचा रंग पाहण्यासाठी सहकुटुंब सहली काढतात. त्याच्या ठेंगण्या जातीही आहेत. ‘शिशिगाशिरा’, म्हणजे सिंहमुख, ही आखडलेल्या, दाट पानांची जात कुंडीत वर्षानुवर्षे राहते. मुलगा राहतो तेथले एक झाड आपल्या अंगणात असावे, एवढीच मावशीची इच्छा होती. तिने एका डोंगरी गावच्या रोपवाटिकेतून वीतभर उंचीचे रोप मागविले.

तिने त्याची निगा राखण्यात काही उणे ठेवले नाही. सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारची सावली. मुळांशी पाणी तुंबू नये म्हणून तळाला खडी. वाऱ्याच्या बाजूस ओल्या वाळ्याचा पडदा. रोपाने पहिला उन्हाळा कसाबसा काढला. दुसऱ्या उन्हाळ्यात पानांच्या कडा करपल्या. तिसऱ्या ज्येष्ठात ते वाळून गेले.

“अरे, माझंच काही चुकलं असेल,” मावशी म्हणाली.

वास्तविक तिचे काही चुकले नव्हते. मेपल हा थंडीत झोपणारा वृक्ष आहे. पाने गाळून, कित्येक आठवडे कडाक्याच्या थंडीत निजल्यावाचून त्याला वसंतात जोमाने जागे होता येत नाही. रायपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०० मीटर उंचीवर. येथे पौषातील रात्रीही सामान्यतः १० अंशांच्या खाली फारशा उतरत नाहीत, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे धावतो. जमिनीतील झाडाला निदान खालच्या मातीचा गारवा मिळतो. कुंडीतील मुळे मात्र चहूबाजूंनी तापतात. विहिरीचे पाणी क्षारयुक्त असले, तर पानांचे टोक त्याआधीच जळते. थंड हवेच्या ठिकाणी राहणाऱ्यांनी हे झाड हौसेने लावावे. भुसभुशीत माती, आडोसा आणि दर दोन-तीन वर्षांनी हिवाळा सरताना कुंडीबदल एवढे केले, की ते सुखाने वाढते. सपाटीवर मात्र प्रेमाची शिकस्तही थंडीची जागा घेऊ शकत नाही.

ती रिकामी कुंडी मावशीला टाकून देववेना. पावसाळ्यात परसातील भिंतीच्या फटीत पिंपळाचे रोप उगवले. राहू द्यावे तर भिंत दुभंगणार, उपटून फेकावे तर मन कचरणार! तिने ते मुळांसकट अलगद सोडवून त्याच कुंडीत लावले. येथील काळी ‘कन्हार’ माती कुंडीत घट्ट बसते. म्हणून तिने माळावरच्या ‘भाटा’ जमिनीची तांबडी मुरमाड माती आणि कुजलेला पाला यांचे मिश्रण केले. शेंडा खुडायचा, दर दोन वर्षांनी वाढीव मुळांचा तिसरा हिस्सा छाटायचा आणि पाण्यात खंड पडू द्यायचा नाही, ही वामनवृक्षाची साधी रीत तिने सांभाळली.

मी गेलो तेव्हा ते हातभर उंचीचे झाड नुकतेच पालवले होते. प्रत्येक पान तांब्यासारखे लाल आणि पारदर्शक. मला गाडीतून दिसलेला कुसुम आठवला. दोन्हींचा रंग एकाच जातीच्या द्रव्याचा, आणि मेपलचाही तोच. परंतु मेपलचे पान निरोप घेताना लाल होते, तर आपल्या उष्ण प्रदेशातील पान जन्मताच लाल असते. हरितद्रव्य पुरते भरले, की ते हिरवे होऊन कामाला लागते.

मावशीला मी हे सांगितले. ती बराच वेळ त्या पालवीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे त्याच्याकडची पानं लाल होऊन गळतात, तेव्हापासून आपण आपल्या लालीची वाट पाहायची!”

त्याच संध्याकाळी तिने पिंपळाचे छायाचित्र मुलाला धाडले. दुसऱ्या दिवशी त्याचे उत्तर आले. पुढल्या फाल्गुनात तो घरी येणार आहे.