निनावी आवाज

कृष्णकुमार कुन्नथ हे पूर्ण नाव फार थोड्यांना ठाऊक होते, 'के. के.' म्हटले की मात्र तरुणांचे चेहरे उजळत. ३१ मे २०२२ रोजी कोलकात्याच्या नझरुल मंचावरील कार्यक्रम आटोपून ते परतले आणि त्याच रात्री, वयाच्या ५३व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्या आठवड्यात गायकवृंदाच्या सरावाला आलेली आमची मुले गप्प गप्प होती. १९९९ साली निघालेल्या त्यांच्या 'पल' या संग्रहातील गाणी म्हणूनच या मुलांनी शाळेचा निरोप घेतला होता. आम्ही त्यांच्याच वयाच्या पिढीतले. तरीही त्यांच्याविषयी आम्हांला जी एक गोष्ट ठाऊक नव्हती, ती त्या संध्याकाळी या मुलांकडून कळली. १९९४ साली दिल्ली सोडून मुंबईस आल्यावर हा गायक प्रथम जाहिरातींसाठी गात असे. अवघ्या चार वर्षांत अकरा भाषांतून सुमारे साडेतीन हजार जिंगल्स त्यांनी गायिल्या, असे सांगतात. संगीताचे रीतसर शिक्षण नाही, पाठीशी कोणी नाही. मुंबईत पहिले काम मिळाले ते एका कापडाच्या जाहिरातीचे!

वाचकहो, साडेतीन हजार वेळा आपण त्यांचा आवाज ऐकला असेल आणि एकदाही त्यांचे नाव विचारले नसेल. विविध भारतीवर गाणे लागले की निवेदक गायकाचे, संगीतकाराचे, गीतकाराचे नाव आदराने घेतो. जाहिरातीच्या वाट्याला ते भाग्य नाही. १९६७ साली मुंबई, पुणे व नागपूर येथे विविध भारतीची व्यापारी सेवा सुरू झाली, तेव्हापासून हे निनावी आवाज आपल्या स्वयंपाकघरात वावरत आहेत. १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शननेही जाहिरातींना दार उघडले. साबण, चहा, दंतमंजन, सायकल यांच्या चाली आमच्या पिढीला पाढ्यांच्या आधी पाठ झाल्या. गाणारे कोण, हा प्रश्न आमच्या बालमनाला कधी पडलाच नाही.

आता शोध घेऊ लागलो तर थक्क व्हायला होते. ए. आर. रहमान यांचा 'रोजा' १९९२ सालचा. त्यापूर्वीची चार-पाच वर्षे ते मद्रासमध्ये घड्याळांच्या व कॉफीच्या जाहिरातींना चाली लावीत होते. 'अंकुर'पासून श्याम बेनेगलांच्या चित्रपटांना संगीत देणारे वनराज भाटिया लंडनच्या रॉयल अकादमीत शिकून आलेले. त्यांचाही बराच काळ जाहिरातींच्या चाली बांधण्यात गेला. शंकर महादेवन आणि त्यांचे सहकारी लॉय मेंडोन्सा (हे लॉय म्हणजे अलॉयशियस, आपल्या संत अलॉयशियसचे नाव धारण करणारे!) यांनीही हीच वाट चोखाळली. मुंबईच्या रॉक वादकांचे तर विचारूच नका. रॉक संगीतावर घर चालत नसे. घर चालवीत ती जिंगल. परदेशातही तोच प्रकार. अमेरिकेचे बॅरी मॅनिलो नावारूपाला येण्यापूर्वी विमा कंपनीसाठी आणि जखमेवरील पट्ट्यांसाठी चाली करीत होते. इंग्लंडच्या रोलिंग स्टोन्स या मंडळींनी १९६४ साली न्याहारीच्या तांदळाच्या लाह्यांसाठी एक जिंगल गायिली होती. पुढे ज्यांनी अवघ्या जगातील सभ्य आईबापांची झोप उडवली, त्यांनी आधी मुलांच्या न्याहारीची काळजी वाहिली होती, हे वाचून आम्हांला मनापासून हसू आले.

या कामात मिळणारे शिक्षण मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाही. वीस किंवा तीस सेकंदांत सगळे आटोपायचे. आलाप नाही, दुसरी संधी नाही. पहिल्याच स्वरात ऐकणाऱ्याचे मन धरायचे. सकाळी तमिळ, दुपारी बंगाली, संध्याकाळी मराठी. अर्थ कळो न कळो, उच्चार मात्र शुद्ध हवा. मानधन घ्यायचे आणि दाराबाहेर पडायचे. आपल्या गळ्याचे काय झाले, तो कोणत्या चित्राला चिकटला, हे पुष्कळदा इतरांच्या घरच्या दूरदर्शन संचावरच कळायचे. अहंकार झिजवायला याहून चांगली सहाण कोणती असेल?

सेमिनरीत असताना आम्ही ग्रेगोरियन गायन शिकलो. त्या चाली कोणी रचल्या ते बहुतांशी अज्ञात आहे. आपल्या मराठी गीतांच्या जुन्या पुस्तकांतही कितीतरी गीतांखाली नावाची जागा कोरी आहे, आणि ती गीते तर आपण मिस्साला डोळे मिटून म्हणतो. मत्तयच्या सहाव्या अध्यायात गुप्तदानाविषयी प्रभू जे शिकवतो, ते गळ्यालाही लागू असावे, असे आम्हांला पूर्वीपासून वाटत आले आहे. म्हणून या निनावी गायकांविषयी वाचताना आमच्या मनात आदरच होता. त्या आदराला पहिला प्रश्न पडला तो हेमलकशाला.

त्या हिवाळ्यात युवक मंडळाला घेऊन आम्ही वसईहून निघालो. बल्लारशहापर्यंत रेल्वे, पुढे आलापल्लीवरून घनदाट अरण्यातील रस्ता. भामरागडच्या अलीकडेच हेमलकसा लागते. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो आपल्या आयुष्याने उभा केला. दवाखाना, १९७६ पासूनची आश्रमशाळा, जखमी व अनाथ वन्य प्राण्यांचे घर, हे सारे आमच्या मुलांनी डोळे भरून पाहिले. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांच्या संगमावर तर कोणी बोलेचना. वसईची मुले एकाच वेळी गप्प बसलेली आम्ही प्रथमच पाहिली.

त्या सायंकाळी हात धुण्यासाठी नळावर रांग लागली होती. सात-आठ वर्षांचा एक माडिया मुलगा हातांना साबण चोळता चोळता काही गुणगुणत होता. आमच्या गायकवृंदातील एका तरुणाचे कान टवकारले. ती एका साबणाच्या जाहिरातीची चाल होती, आणि हुबेहूब! पोराला हिंदी जेमतेम कळे. शब्द त्याचे त्यानेच बनवलेले होते. सूर मात्र कोठेही चुकला नाही. आमच्या तरुणाने टाळी दिली आणि दोघांनी मिळून ती पुन्हा म्हटली.

नंतर जवळच्या पाड्यावर रेला ऐकला. एकमेकींच्या कमरेला हात घालून मुलींची रांग पुढे-मागे सरकते, एकीने ओळ सांगावी, सर्वांनी उचलावी. हे गीत कोणी रचले, असे आम्ही दुभाष्यामार्फत विचारले तर त्या खो खो हसू लागल्या. जणू आम्ही नदी कोणी रचली असे विचारले होते. त्या गीताला धनी नाही, तसेच त्याला गिऱ्हाईकही नाही. जिंगलचा गायकही निनावी आणि रेला गाणारीही निनावी. परंतु एकीचा सूर पाड्यातच फिरतो, दुसऱ्याचा सूर वस्तू घेऊन येतो. त्या मुलाच्या ओठांवर तो साबण घेऊन आला, हे चांगलेच झाले. पण त्या ओठांवर आणखी काय काय येईल?

परतीच्या प्रवासात तोच तरुण आमच्या शेजारी येऊन बसला. बराच वेळ खिडकीबाहेर पाहून म्हणाला, "फादर, एक विचारू?" एका ध्वनिमुद्रण कक्षातून त्याला बोलावणे आले होते. वेलचीची जाहिरात होती, पण वेलची केवळ नावापुरती. पाकिटावरील छाप पानमसाल्याचा. पंचवीस सेकंद गायचे आणि मोबदला त्याच्या तीन महिन्यांच्या पगाराएवढा. घरी वडील अंथरुणावर.

"आणि माझं नाव तर कुठे येणारच नाही, फादर."

आम्ही म्हणालो, "नाव येणार नाही हे खरं. पण चाल? ती नळावरच्या त्या पोरापर्यंत पोचेल ना?"

तो गप्प झाला, मग काहीशा कळवळ्याने म्हणाला, "मी नाही म्हटलं तर दुसरा कोणी गाईल. आणि के. के.नी साडेतीन हजार गायल्या, त्या सगळ्या काय चांगल्याच वस्तूंच्या असतील?" याला उत्तर देणे सोपे नाही, आणि आम्ही दिलेही नाही. अंथरुणावरील बापाचे औषध आमच्या प्रवचनातून येणार नव्हते. एवढेच सांगितले की, निनावी राहून देता येते तसे निनावी राहून लपताही येते. आपण यांपैकी काय करीत आहोत हे गाणाऱ्यालाच ठाऊक असते.

आलापल्लीला गाडी चहासाठी थांबली. पानठेल्यावर एक जण प्लॅस्टिकच्या तुकड्यात सुपारी, तंबाखू आणि चुना घालून खर्रा घोटत होता. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी. खर्रा मात्र या भागात घराघरांत पोचलेला. शाळेच्या दप्तरासह उभा असलेला एक मुलगा पुडी घेऊन गेला. वडिलांसाठी की स्वतःसाठी, देव जाणे. आमचा तरुण चहा निवेपर्यंत तेथेच उभा होता.

त्याने पुढे काय कळवले ते आम्ही विचारले नाही. काही महिन्यांनी रेडिओवर मसाल्याची एक नवी जाहिरात लागू लागली. धर्मग्रामात कोणाला पत्ता नव्हता. ओळखले ते त्याच्या आजीने, पहिल्याच स्वरात. जाहिरात लागली की ती हातातले काम टाकून रेडिओचा आवाज मोठा करते आणि शेजारणींना हाका मारते. मसाला मात्र अजून घरी कांडलेलाच वापरते.