अब्बांचा हायब्रीड

आमच्या पुणतांब्यात ‘हायब्रीड’ म्हटले की लोकांना ज्वारी आठवते. १९६४ साली सीएसएच-१ हे ज्वारीचे संकरित वाण देशात आले आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत हा इंग्रजी शब्द शेतकऱ्याच्या तोंडात बसला. पोती भरू लागली, पण भाकरीला गावरान ज्वारीची चव नाही, ही तक्रारही सोबत आली. म्हणून मी घरात ‘हायब्रीड ॲम्प्लिफायर’ बनवतोय असे सांगितल्यावर अम्मीने विचारले, “ये भी बेमजा रहेंगा क्या?”

यंत्र छोटेच, जेवणाच्या डब्याएवढे. मोबाईलमधला आवाज एका बाजूने आत जातो आणि बळ घेऊन दुसऱ्या बाजूच्या हेडफोनमध्ये उतरतो. मध्ये जुन्या रेडिओत असायचा तसा काचेचा एक व्हॉल्व्ह आणि आजच्या काळातले दोन मॉस्फेट. जुने आणि नवे एकाच पेटीत, म्हणून हायब्रीड.

हे सारे अब्बांसाठी होते. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. जीभ वाचली, पण बोलणे संथ झाले. रात्री झोप येत नाही. घर दोन खोल्यांचे. एका खोलीत ते आणि अम्मी, दुसरीत आम्ही चौघे. मोबाईलवर गाणे लावले की सगळे जागे होतात. साधा इअरफोन दिला, तर दोन मिनिटांत काढून ठेवला. म्हणाले, “मच्छर गुणगुणताय.” पण खरे दुखणे झोपेचे नव्हते. चाळीस वर्षे गावाचे रेडिओ, टेप आणि टीव्ही दुरुस्त केलेल्या माणसाकडे आता कुणी काही विचारायला येत नव्हते. डॉक्टर सांगत, अम्मी सांगे, मी सांगे, ते ऐकत. त्यांनी कुणाला काही सांगावे, असे घरात काही उरलेच नव्हते.

अब्बांचे वडील कल्हईवाले. दादांनी आठवडे बाजारात भाता फुंकून गावाची भांडी चकचकीत केली. अब्बा पंधरा-सोळा वर्षांचे असताना, १९७०च्या आसपास, मनमाडला एका उस्तादांकडे रेडिओचे काम शिकले. तेव्हा मर्फी, फिलिप्स, बुश यांचे व्हॉल्व्हवाले रेडिओ घरोघर नसले तरी गावोगाव होते. रेडिओला पोस्टातून परवाना काढावा लागे. त्याच्या आधी, १९५२ साली, नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी आटली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. १९५७ साली विविध भारती सुरू झाली, तरी बिनाका गीतमालाचा बुधवार सुटला नाही. उस्तादांच्या दुकानापुढे बुधवारी रात्री आठला माणसे उभी राहत. एक रेडिओ आणि तीस कान. २०२४च्या फेब्रुवारीत अमीन सयानी गेले, तेव्हा अब्बा जेवताना एवढेच म्हणाले, “बुधवार गया.”

मी श्रीरामपूरकडच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. बी.एड.ला आम्हाला ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ हे सूत्र घोकावे लागले होते. अब्बांना व्हॉल्व्हविषयी विचारले, तेव्हा त्यांनी ते सूत्र न घोकता वापरले. “पाट को दार रहता ना? पाटकरी दार चार बोट उपर करता. उधर धरण का पानी गन्ने तक दौडता. ताकत पाटकरी की नहीं, पानी की. वाल में जो जाली है ना, वो दार है.”

इतके सोपे मी वर्गात कधी ऐकले नव्हते. १९०४ मध्ये फ्लेमिंगने काचेच्या नळीत तापलेल्या तारेपासून पट्टीकडे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह कामाला लावला. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्टने तार आणि पट्टी यांच्या मधे जाळी घातली. त्या जाळीवरचा बारीकसा चढउतार मोठ्या प्रवाहाला नाचवू लागला. रेडिओ, दूरचा टेलिफोन आणि बोलपट हे सारे त्या जाळीतून आले. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. अब्बांच्या पत्र्याच्या पेटीत त्यातले काही अजून कापसात गुंडाळलेले आहेत.

पण व्हॉल्व्हला एक मर्यादा आहे, आणि हायब्रीडची गरज तिथेच लागते. आम्ही वापरलेल्या ईसीसी ८२ मधून या जोडणीत जेमतेम एखादा मिलिअँपियर वाहतो. ३२ ओहमच्या हेडफोनला एक व्होल्ट द्यायचा तर एकतीस मिलिअँपियर लागतात. म्हणजे व्हॉल्व्ह आवाजाचा दाब वाढवू शकतो, पण हेडफोनची तहान भागवू शकत नाही. जुन्या रेडिओत त्यासाठी लोखंडी गाभ्याचा जड ट्रान्सफॉर्मर असे. आता ते काम मॉस्फेट करतो. तो दाब वाढवत नाही. व्हॉल्व्हने जे सांगितले तेच भरपूर प्रवाहानिशी पुढे पोचवतो. व्हॉल्व्हकडून मात्र तो जवळजवळ काहीच मागत नाही. अम्मीच्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळाले. यात कुणी कुणात मिसळून पातळ होत नाही. ज्याला जे येते ते तो करतो.

ईसीसी ८२ मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणला. रशिया, चीन, स्लोव्हाकियात हे व्हॉल्व्ह आजही बनतात. एका काचेत दोन घरे असल्यामुळे दोन्ही कानांना एकच पुरतो. आयआरएफ ५१० हे मॉस्फेट आणि एलएम ३१७ हे रेग्युलेटर पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत मिळाले. वीज २४ व्होल्टच्या अडॅप्टरची. अब्बांना हेच पटेना. त्यांच्या काळचे व्हॉल्व्ह अडीचशे व्होल्टवर चालत. बटण बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज दबा धरून बसलेली असे. उस्तादांचा पहिला धडा होता, चालू रेडिओत हात घालताना दुसरा हात खिशात, म्हणजे छातीतून करंट जाणार नाही. चोवीस व्होल्टला तशी भीती नाही, असे मी म्हणालो. अब्बांनी आपल्या निर्जीव हाताकडे पाहिले आणि हसले, “मेरा तो अब हमेशा जेब में ही है.” झटक्यानंतर त्यांचा पहिला विनोद मी त्या दिवशी ऐकला.

मग हिशोब. व्हॉल्व्हच्या हीटरला १२.६ व्होल्ट आणि १५० मिलिअँपियर लागतात. चोवीसमधून उरलेले ११.४ व्होल्ट कुठेतरी जिरवायला हवेत. अब्बा खाटेवरून म्हणाले, “अडसठ और आठ पॉइंट दो, एक के पीछे एक.” मी कागदावर भागाकार केला, ७६ ओहम आले. त्यांची बेरीज ७६.२. मॉस्फेटमधला प्रवाह एलएम ३१७ ने बांधून ठेवायचा, १.२५ व्होल्ट भागिले ५ ओहम, म्हणजे २५० मिलिअँपियर. एका कानामागे सहा वॉट उष्णता, दोन्ही मिळून बारा. म्हणून ॲल्युमिनियमचा जाड हीटसिंक.

जोडकाम माझ्या हाताने आणि त्यांच्या नजरेने झाले. “पहले तार को गरम कर, टांका खुद दौडेगा.” हे सांगताना त्यांना दादा आठवले. कल्हई करताना दादा भांडे आधी तापवत, नवसागर टाकून काळपटपणा काढत आणि मगच कथलाची कांडी टेकवत. सोल्डरिंगमध्ये नवसागराच्या जागी राळ असते, कथील तेच. फरक एवढाच की कथील २३२ अंशांवर वितळते आणि शिसे मिसळले की एकशे नव्वदच्या आसपास. भांड्याच्या कल्हईत शिसे चालत नाही, ते पोटात जाते. “तेरे दादाने कभी सीसा नहीं मिलाया,” अब्बा म्हणाले. तीन पिढ्यांचा हा धागा माझ्याही ध्यानात त्या रात्रीच आला. बी.एड. होऊन मी कथलापासून दूर गेलो, असे मी धरून चाललो होतो.

आमच्या पाठ्यपुस्तकात रोधाला ‘मज़ाहमत’ म्हणतात. लोकांच्या विरोधालाही उर्दूत तोच शब्द आहे. १ जून २०१७ ला ज्या गावातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, त्या पुणतांब्याच्या मास्तरला हा शब्द समजावायला फार कष्ट पडत नाहीत. मराठीतला ‘अर्धवाहक’ उर्दूत ‘नीम मौसिल’ होतो. नीम म्हणजे अर्धा, मौसिल म्हणजे वाहक. मी शिकवतो उर्दूत, लिहितो मराठीत आणि अब्बांशी दखनीत बोलतो. पूर्वी कुणी विचारले, तुमची खरी भाषा कोणती, तर मी गडबडत असे. आता मी विचारतो, कोणत्या कामासाठी?

पेटी तयार झाली. अडॅप्टर लावल्यावर मी हेडफोनची पिन उचलली, तसे अब्बा म्हणाले, “जल्दी नको कर बेटा. वाल को गरम होने दे.” कारण पक्के आहे. हीटर तापेपर्यंत व्हॉल्व्हमधून प्रवाह वाहत नाही आणि तो वाहू लागताना आतला दाब एकदम सरकतो. तेवढ्यात हेडफोन जोडलेला असेल, तर तो धक्का कानावर येतो. आम्ही एक मिनिट नारिंगी तारेकडे बघत बसलो. मीटरवर मॉस्फेटचा काटा बारा व्होल्टवर आणला. मग अब्दुल करीम खाँसाहेबांची भैरवीतली ठुमरी लावली. मिरजेला राहिलेले खाँसाहेब १९३७ मध्ये गेले. १९३०च्या दशकात त्यांचा आवाज मायक्रोफोनमधून व्हॉल्व्हच्याच ॲम्प्लिफायरवाटे तबकडीवर कोरला गेला होता. तो व्हॉल्व्हमधून आत गेला आणि इतक्या वर्षांनी आमच्या खोलीत व्हॉल्व्हमधूनच बाहेर आला.

व्हॉल्व्हचा आवाज ‘उबदार’ असतो, असे शौकीन म्हणतात. त्यात काही भाग त्याने आवाजात घातलेल्या बारीक सुरेल भेसळीचा आहे, हे मीटर दाखवतो. अब्बांनी ही चर्चा केली नाही. ठुमरी संपेपर्यंत डोळे मिटून होते. मग हेडफोन काढून म्हणाले, “बायीं तरफ जरा कम है. पॉट बदल.” त्यांना मिळाले ते हे. ऐकणे मिळाले, पण त्याहून जास्त, चूक काढण्याचा हक्क परत मिळाला. पॉट बदलला, दोन्ही बाजू सारख्या झाल्या.

आता मोहल्ल्यातली दोन मुले संध्याकाळी त्यांच्या खाटेशी बसून रेझिस्टरचे रंग वाचायला शिकताहेत. रात्री अम्मीलाही झोप येत नसते. म्हणून अब्बांनी नवी मागणी केली आहे, पेटीला हेडफोनचे दुसरे सॉकेट. बत्तीस ओहमचे दोन हेडफोन एका वेळी लावले तर भार सोळा ओहमचा होतो. मॉस्फेटला तो जड नाही. पण बाहेरच्या कपॅसिटरने खर्जाचे सूर अडवू नयेत म्हणून ४७० मायक्रोफॅरडच्या जागी १००० चे बसवावे लागतील. गुणाकार मी केला, पण आकडा त्यांनी आधीच सांगितला होता. येत्या रविवारी पुण्याला जाऊन दोन आणायचे आहेत.