कधी अटकते?

भाचा आपला पीसी रिक्षात घालून घेऊन आला. तक्रार तीन शब्दांची : "मामा, गेम अटकते."
"कधी?"
"नेहमीच."
'नेहमीच' असं काही नसतं. ताप आला म्हटल्यावर जुने डॉक्टर आधी विचारायचे, संध्याकाळी चढतो का, हुडहुडी भरून येतो का. गोळी त्यानंतर. भाच्याला म्हटलं, आज स्क्रू ड्रायव्हर काढायचा नाही. तू खेळ. अटकलं की वहीत लिही, काय चाललं होतं तेव्हा.

*

'अटकते' या एका शब्दात तीन वेगळे आजार राहतात. ऑनलाइन गेममध्ये समोरचा गडी इथून गायब होऊन तिथे उगवतो, पण आपण माउस फिरवला तर दृश्य लोण्यासारखं फिरतं. तो नेटचा दोष, ग्राफिक्स कार्ड बदलून जाणार नाही. दुसरा, सगळंच जड, चिखलातून चालल्यासारखं. तिथे सेकंदाला दिसणारी चित्रं, म्हणजे फ्रेमच, कमी पडतात. तिसरा, छान चाललेलं असताना मधेच कचकन झटका. हे खरं अडखळणं. नागपूरला सीताबर्डीत माझा सायबर कॅफे होता तेव्हा आम्ही तिघांनाही 'हँग' म्हणायचो आणि तिघांवर एकच औषध द्यायचो : रीस्टार्ट.

*

थोडा हिशेब. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद. १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर पूर्ण वापरायचा तर जेमतेम ६.९. तेवढ्यात प्रोसेसरने काय काढायचं ते ठरवायचं आणि कार्डाने ते काढायचं.
आता समजा एका सेकंदात एकच फ्रेम १०० मिलिसेकंद रखडली आणि बाकीच्या वेळेवर आल्या. उरलेल्या ९०० मिलिसेकंदांत ५४ फ्रेम बसतात. पडद्याच्या कोपऱ्यातला फ्रेमचा आकडा ५५ दाखवतो. ६०च्या जागी ५५, कोण तक्रार करेल? डोळा करतो. त्याला तो दशांश सेकंदाचा खड्डा दिसलेला असतो.

*

सरासरीचं हे असंच. नळाला तीन दिवसांनी पाणी येणाऱ्या गावातही माणशी रोजच्या लिटरचा आकडा कागदावर चांगला दिसतो. आकडा खोटा नसतो, घागर मात्र कोरडी असते.
ग्राफिक्स कार्डांच्या परीक्षणांतही बरीच वर्षं सरासरीच चालली. सप्टेंबर २०११मध्ये 'द टेक रिपोर्ट' या संकेतस्थळाच्या स्कॉट वॉसन यांनी सेकंदाच्या पोटात शिरून प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ मांडला. 'एक टक्का लो' हा आज सगळे बघतात तो आकडा त्याच विचाराचा. तो सगळ्यांत रखडलेल्या एक टक्का फ्रेमांवरून काढतात.
आफ्टरबर्नर आणि रिव्हाट्यूनर हे मोजणीचे प्रोग्राम टाकून भाच्याच्या पडद्यावर आकड्याच्या जागी फ्रेम टाइमचा आलेख लावला. रेघ सपाट तर सगळं ठीक. सुळका आला की झटका.

*

भाच्याची वही, दुसरा दिवस :
– शहरात गाडी जोरात पळवली की.
– नवीन शस्त्र पहिल्यांदा चालवलं की. दुसऱ्यांदा नाही.
– पंचवीस मिनिटांनंतर सगळंच जड.
– आई हाक मारते तेव्हा.
शेवटची नोंद खोडली नाही. बाकीच्या तिन्ही लाख मोलाच्या.

*

पंचवीस मिनिटं. नागपूरचा मे महिना, आणखी पुरावा कशाला? प्रोसेसर ९५-१०० अंशांच्या आसपास पोचला की जीव वाचवायला स्वतःचा वेग स्वतःच उतरवतो. पंखा त्याच्यावर खोलीचीच हवा मारणार, आणि खोली चाळिशीत.
कॅबिनेट उघडलं. हीटसिंकवर धुळीची गादी, थर्मल पेस्टची पापडी झालेली. ब्लोअर मारताना पंख्याच्या पात्यांना बोट लावून धरायचं, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब करतो. कॅबिनेट भिंतीला चिकटवून, वर कुलरच्या ओल्या झोतात ठेवलेलं होतं. ते हलवलं. कुलर माणसासाठी आहे. ९७ अंशांवरून ७८. 'पंचवीस मिनिटांनंतर' ही नोंद वहीतून गेली.

*

शहरात गाडी. वेगात गेलं की नवे रस्ते, भिंती, पाट्या भराभर आणाव्या लागतात. कार्डाची मेमरी म्हणजे ओटा, रॅम म्हणजे फडताळ, हार्ड डिस्क म्हणजे माळा. भाच्याच्या कार्डाचा ओटा चार जीबीचा. त्याने टेक्स्चर 'अल्ट्रा'वर ठेवलेलं. ओट्यावर मावेना ते फडताळात गेलं, आणि गेम तर जुन्या हार्ड डिस्कवर, म्हणजे माळ्यावरच. फोडणी तडतडत असताना स्वयंपाकी शिडी चढतोय.
आधी गेम एसएसडीवर हलवली, नंतर टेक्स्चर दोन पायऱ्या खाली आणलं. भाच्याने डोळे बारीक करून फरक शोधला. सापडला नाही. सुळके निम्मे झाले.

*

रॅम १६ जीबी, पण एकच स्टिक. "पुढे वाढवता येईल" असं दुकानदाराने सांगितलेलं. आठ-आठच्या दोन घेतल्या असत्या तर प्रोसेसरला दोन रस्ते मिळाले असते. वेगळं कार्ड नसलेल्या लॅपटॉपला तर याचा सगळ्यांत मोठा फायदा, कारण तिथे चित्रंही त्याच रॅममधून काढायची असतात. शिवाय पाकिटावर ३२००, बायोसमध्ये बघितलं तर चालतेय २४००वर. रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं एक्सएमपी कोणी चालूच केलं नव्हतं. फुकटची दुरुस्ती.

*

एका वेळी एकच बदल. चार बदल केले आणि बरं वाटलं, तर कशाने ते कळत नाही, आणि पुन्हा बिघडलं की चारही पुन्हा.
'गेम बूस्टर', 'रॅम क्लीनर' दिसले की काढून टाकायचे. क्लीनर भरलेलं फडताळ रिकामं करतो. मग गेम तेच डबे माळ्यावरून परत आणत बसते.

*

फ्रेम मॉनिटरच्या ठोक्यावरच सोडणारी व्ही-सिंक ही सेटिंग म्हणजे एसटीचं वेळापत्रक. ६० हर्ट्‌झच्या मॉनिटरवर दर १६.७ मिलिसेकंदांनी गाडी सुटते. १७व्याला पोचलात? पुढच्या गाडीपर्यंत फलाटावर. म्हणून जराशा उशिराने ६०चे थेट ३० होतात. फ्रीसिंक किंवा जी-सिंक असलेला मॉनिटर प्रवासी आला की गाडी सोडतो.
भाच्याचा मॉनिटर फ्रीसिंकवाला, पण सेटिंग बंद. ते चालू केलं. गेम कधी ९०, कधी ५५ देत होती, तिला ६०ची मर्यादा घातली.
"मामा, कमी काऊन करता?"
"खेळून बघ."
दहा मिनिटं काही बोलला नाही. हीच पावती.

*

कॅफेतल्या पोरांनी 'जीटीए : सॅन अँड्रियास' किती तास खेळली असेल! त्या गेमची पीसीवरची मूळ मर्यादा सेकंदाला २५ फ्रेमची. आजची मुलं २५ म्हटलं तर हसतील. तेव्हा कोणी ब्र काढला नाही, कारण फ्रेम ४० मिलिसेकंदांनी यायची, आणि पुढचीही ४०नेच. विलंबित लयीला कोणी बेताल म्हणत नाही.

*

'पहिल्यांदा, दुसऱ्यांदा नाही.' ही नोंद राहिली. ही शेडरची.
आग, पाणी, काच, प्रत्येकाचा रंग-उजेड ठरवणारा छोटा प्रोग्राम असतो, तो शेडर. तो कार्डाच्या भाषेत उतरवावा लागतो, आणि कार्डागणिक भाषा वेगळी. कन्सोलमध्ये सगळीकडे एकच चिप, तिथे हे काम कंपनीतूनच होऊन येतं. पीसीवर ते घरी होतं. डायरेक्टएक्स १२ (२०१५) आणि वल्कन (२०१६) ही कार्डाशी बोलायची नवी साधनं आल्यापासून ते आधी उरकण्याची जबाबदारी बरीचशी गेम बनवणाऱ्यांवर आली. त्यांनी ती टाळली तर स्फोट होतो त्या क्षणी गेम भाषांतराला बसते. डिसेंबर २०२२मध्ये 'द कॅलिस्टो प्रोटोकॉल' पीसीवर आली ती याच झटक्यांसकट. वाल्व्ह कंपनीचे हातात धरून खेळायचे स्टीम डेक जवळपास सगळे एकसारखे, म्हणून ती त्यांना शेडर आधीच तयार करून पाठवू शकते.
आपल्या हातात काय? सुरुवातीला 'शेडर तयार होत आहेत' असं आलं तर ते पूर्ण होऊ द्यायचं, चहा घेऊन यायचं. ड्रायव्हर बदलला की जुनी भाषांतरं बाद होतात. मग एखादा दिवस पुन्हा झटके. घाबरायचं नाही.

*

काही झटके कितीही धूळ झाडली तरी जात नाहीत. २०२२मध्ये एएमडीने मान्य केलं, की काही रायझन मशीनमध्ये सुरक्षेचं फर्मवेअर मदरबोर्डवरच्या फ्लॅश मेमरीशी बोलायला जास्त वेळ घेतं आणि तेवढ्यात सगळंच क्षणभर थबकतं. औषध : बायोसचं अपडेट. 'रेझिडेंट ईव्हिल व्हिलेज' २०२१मध्ये शत्रूवर गोळी झाडली की अडखळायची. दोष चोरी रोखणाऱ्या यंत्रणेकडे निघाला आणि कॅपकॉमने जुलैत दुरुस्ती दिली. 'बॅटमॅन : अरखम नाइट'ची पीसी आवृत्ती तर जून २०१५मध्ये विक्रीतूनच मागे घेतली होती.
अशांपायी लोक नवी कार्डं घेतात. म्हणून आधी 'कधी' विचारायचं. आपला आजार कुठला आणि दुसऱ्याचा कुठला, एवढं त्यावरून कळतं.

*

ऑगस्ट. भाचा आता पुण्याला, होस्टेलवर. रात्री साडेअकराला फोन.
"मामा, नवीन गेम घेतली. अटकते."
मी तोंड उघडायच्या आत तोच पुढे म्हणाला, "नवीन जागी गेलो की, पहिल्यांदाच. तिथेच परत गेलो तर नाही. टेंपरेचर सत्तर. मेमरी भरलेली नाही."
"मग?"
"मग काही नाही. पॅचची वाट बघतो. म्हटलं, तुम्हाला सांगावं."