तिथीच्या पाऊणपट

सोलापुरात माझा दिवस घड्याळावर चालायचा. साडेपाचला उठणं, सिद्धेश्वर तलावाला फेरी, आठच्या आत डबा, साडेनऊला बँक. बदली होऊन रत्नागिरीला आले तेव्हा हेच वेळापत्रक पुढे चालू ठेवलं, तलावाच्या जागी फक्त मांडवीचा किनारा आला. पण मन काही लागेना. रोज त्याच वेळी जायचे आणि रोज निराळाच किनारा समोर यायचा. कधी पाणी अगदी वरपर्यंत, कधी लांबवर नुसती ओली काळी वाळू. माझ्या ठरलेल्या वेळेशी त्याचा काही संबंधच नव्हता.

शेजारच्या मावशींनी एक दिवस विचारलं, "गो बाय, आज तिथी काय?" मला सांगता येईना. त्यांनी हिशेब शिकवला. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. तृतीया असेल तर सव्वादोन, अष्टमीला सहा. तिथून सहा तासांच्या आसपास ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, पाव-अर्धा तास इकडेतिकडे होतोच, पण किनाऱ्यावरच्या माणसाला तेवढा पुरतो. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि भरतीही त्याच्यामागे तेवढीच सरकते. पाऊण तास आला तो तिथूनच. लहानपणापासून घरात कालनिर्णय टांगलेलं पाहिलं होतं, पण त्यातल्या तिथीचा उपयोग माझ्यापुरता चतुर्थी-एकादशीच्या उपासाला व्हायचा. आता ते स्वयंपाकघरात ओट्याच्या वर आहे आणि चौकोनांत पेन्सिलीने वेळा लिहिलेल्या असतात.

तेव्हापासून माझा महिना दोन भागांत पडला. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते, म्हणून उधाण येतं. पाणी जितकं वर चढतं तितकंच खालीही जातं. त्यानंतरचे तीन-चार दिवस ओहोटी नेमकी बँकेच्या वेळेआधी, सकाळी मिळते. ते दिवस खडकांचे. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, पाणी धड वर नाही, धड खाली नाही. दळण, निवडणं-टिपणं, सोलापूरला लांबलचक फोन, हे सगळं भांगावर ठेवते. घरची कामं तिथीवर लावता येतात हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

खडकांवर पहिल्यांदा नेलं तेही मावशींनीच. त्या कालवं काढायला निघाल्या होत्या, मी पिशवी धरायला. जाताना एकच ताकीद दिली, "पाण्याकडे पाठ करून बसायचं नाय." त्या कालवं फोडत होत्या आणि मी एका खळग्यापाशी उकिडवी बसले ती बसलेच. कातळावर पांढरट, खरखरीत, शेंगदाण्याएवढे सुळके गर्दीने चिकटलेले होते. याआधी मी त्यांना दगडाचाच भाग समजले असते. पाणी परत चढू लागलं, पहिली लाट त्यांच्यावरून गेली आणि एकेकाच्या माथ्यावरची बारीक झडप उघडली. आतून पिसासारखा तुरा बाहेर आला, पाण्यातून फिरला, मिटला, पुन्हा बाहेर. शेकडो तुरे एकाच वेळी. हे बार्नॅकल. खेकडा-कोळंबीच्या गणगोतातला प्राणी, डोक्याकडून कातळाला कायमचा चिकटतो आणि पायांनी पाणी विंचरून अन्न आत ओढतो. चार्ल्स डार्विनने 1846 ते 1854 अशी आठ वर्षं यांच्या अभ्यासात घातली. ते वाचलं तेव्हा मला त्याचं जराही नवल वाटलं नाही.

आता एक वही केली आहे. तारीख, तिथी, ओहोटीची वेळ आणि काय दिसलं ते. स्पर्श होताच मिटणारी समुद्रफुलं, चिखलावर उड्या मारणारे निवटे, शंखांच्या अंड्यांच्या माळा. घरी काहीही आणत नाही, रिकामा शंखसुद्धा नाही, कारण तोही उद्या कुणा खेकड्याच्या कामाचा असतो. उचललेला दगड तसाच उलटा टाकून जाणाऱ्यांचा मात्र मला मनापासून राग येतो. त्याच्या खालच्या अंगाला जगणारे जीव उन्हात मरतात. दगड होता तसा ठेवायला किती वेळ लागतो?

पावसाळ्यात हे सगळं बंद. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि खडकांकडे फिरकण्यात शहाणपणही नाही. त्या महिन्यांत सड्यावर, वरच्या कातळ-पठारावर जाते. पावसाने कातळ भिजला की त्यावर सीतेची आसवं फुलतात. पाऊस सरला की उक्षीचा कातळात कोरलेला हत्ती पाहायला जायचं. पण ते वेगळं प्रकरण आहे, त्याची वहीही वेगळी.

यंदा भाऊबीजेला भाऊ सोलापूरहून येतोय. द्वितीया म्हणजे दीडला भरती, साडेसातला ओहोटी. ओवाळणी दुपारी करू असं त्याला कळवलंय आणि घट्ट पकडीचे बूट आणायला सांगितलंय. सकाळी त्याला खडकांवर न्यायचंय, मावशीही येणार आहेत.