अलंकार आणि आधार

इंग्रजीच्या तासाला दोन गोष्टी शिकवल्या जातात आणि त्या बहुधा दोन वेगवेगळ्या दिवशी शिकवल्या जातात. एके दिवशी कवितेतील अलंकार ओळखायचे असतात. दुसऱ्या एखाद्या दिवशी, निबंध किंवा प्रकल्प लिहिताना माहिती कोठून घ्यावी, कोणत्या ग्रंथावर विसंबावे, हे सांगायचे असते. पहिला भाग गुणांसाठी पाठ केला जातो. दुसरा, वेळ उरला तर, उरकला जातो. या दोन पाठांचे नाते सख्ख्या भावंडांचे आहे, असे आम्हांस अलीकडे फार वाटू लागले आहे. ते का, हे या लेखात सांगण्याचा मानस आहे.

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात कुंभार पिंपळगाव हे बाजाराचे गाव आहे. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच तालुक्यात. कुंभार पिंपळगावच्या एका शिक्षकमित्राच्या आग्रहावरून आम्ही तेथील दहावी-अकरावीच्या मुलामुलींना काही शनिवार इंग्रजी शिकवले. मुले हुशार, परंतु ‘फिगर्स ऑफ स्पीच’ हे शब्द उच्चारताच त्यांचे चेहरे उतरत. सिमिली, मेटाफर, पर्सोनिफिकेशन ही नावे त्यांना औषधांच्या नावांसारखी वाटत असावीत.

आम्ही पुस्तक मिटवले आणि विचारले, “पाऊस आला नाही म्हणजे घरी काय म्हणतात?” मागच्या बाकावरून उत्तर आले, “पावसानं पाठ फिरवली, फादर.” पावसाला पाठ असते काय? नसते. निर्जीव पावसाला माणूस कल्पून केलेले हे बोलणे म्हणजेच चेतनगुणोक्ती, आणि इंग्रजांचे पर्सोनिफिकेशन ते हेच. जमिनीला ‘काळी आई’ म्हणतात, कापसाला ‘पांढरं सोनं’ म्हणतात. ही रूपके, म्हणजेच मेटाफर. ‘सोन्यासारखा कापूस’ म्हटले की ती उपमा झाली. तेथे ‘सारखा’ हा शब्द साम्य दाखवतो, तसे इंग्रजीत ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ हे शब्द दाखवतात. अर्ध्या तासात फळा भरून गेला. ज्या गोष्टी परक्या वाटत होत्या, त्या घरच्या निघाल्या.

त्यांना आम्ही फादर थॉमस स्टीफन्स यांचीही हकिकत सांगितली. हा इंग्रज येशूसंघीय 1579 साली गोव्यात उतरला, येथील लोकांची भाषा शिकला आणि त्याने ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते 1616 साली रायतूर येथे छापले गेले. त्यात मराठीचा गौरव करताना त्याने रत्ने, फुले, सुगंध, पक्षी अशा उपमांची माळच गुंफली आहे. चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रजाला मराठीत उपमा देता आली, तर मराठवाड्याच्या मुलाला इंग्रजीत ती ओळखता येऊ नये, असे कसे होईल?

इथवर सारे सोपे होते. मग आम्ही दुसरा प्रश्न टाकला, “बरे, पाऊस पडला किती?” एकाने म्हटले, “लई कमी.” दुसऱ्याने भ्रमणध्वनीवर आलेला एक आकडा वाचून दाखवला. “हा कोणी मोजला? कोठे? कोणत्या दिवसापर्यंतचा?” यावर वर्ग गप्प झाला. महसूल मंडळाच्या ठिकाणी पर्जन्यमापक असतो, त्याची नोंद ठेवली जाते, ती मागता येते, ही माहिती शेतकऱ्यांच्याच त्या लेकरांपैकी दोघा-तिघांनाच होती. पीकविम्याच्या हिशेबात मोठ्या पिकांसाठी हेच मंडळ एकक धरतात, हे तर फारच थोड्यांना. ‘पावसानं पाठ फिरवली’ हे वाक्य शंभर टक्के खरे आहे. पण ते अर्जावर चालत नाही. तेथे मिलिमीटर लागतात, तारीख लागते आणि मोजणाऱ्याचे नाव लागते. अलंकाराची परीक्षा अनुभवाने होते, आकड्याची परीक्षा आधाराने. एकाची कसोटी दुसऱ्याला लावली की दोन्हीकडे अन्याय होतो.

ही दोन्ही एकाच कागदावर येतात तेव्हा खरी अडचण सुरू होते. असा कागद त्या शाळेच्या भिंतीवरच टांगलेला होता. आमच्या वाचकांपैकी प्रत्येकाने तो कोठे ना कोठे पाहिलेला आहे: अब्राहम लिंकन यांनी आपल्या मुलाच्या मुख्याध्यापकांस लिहिलेले पत्र, मराठी रूपांतर कविवर्य वसंत बापट यांचे. महाराष्ट्रातल्या किती शाळांत, किती निरोपसमारंभांत ते वाचले गेले असेल, याची गणती नाही. आम्ही मुलांना म्हटले, “या पत्रातले अलंकार शोधा, आणि मग या पत्राचा आधार शोधा.”

अलंकार भराभर सापडले. एकच विनवणी पुन्हापुन्हा येते, ती पुनरुक्ती. दुष्टासमोर सज्जन, शत्रूसमोर मित्र अशा जोड्या येतात, तो विरोध. पाखरे, मधमाश्या, फुले यांची चित्रे येतात. आधार शोधताना मात्र हात रिकामे राहू लागले. कोणत्या मुलाच्या मुख्याध्यापकांना? नाव नाही. कोणती शाळा? नाही. काही छापील प्रतींवर 1830 हे साल असते. लिंकन यांचा जन्म 1809 चा, विवाह 1842 चा आणि थोरला मुलगा रॉबर्ट 1843 सालचा. म्हणजे ते साल धरले, तर मुलगा जन्मण्याच्या तेरा वर्षे आधीच त्याच्या शाळेला पत्र गेले, असे मानावे लागते! एका मुलाने हा हिशेब मोठ्याने मांडला, तेव्हा वर्गात हशा पिकला.

पण सालाची चूक नक्कल करणाऱ्याचीही असू शकते. म्हणून पुढे जायला हवे होते. रॉय बासलर यांनी संपादित केलेले लिंकन यांचे समग्र लेखन 1953 साली आठ खंडांत प्रसिद्ध झाले. चार ओळींच्या चिठ्ठ्यादेखील त्यात जपलेल्या आहेत. मिशिगन विद्यापीठाने हा संच संगणकावर सर्वांसाठी खुला केला आहे. मुलांनी शाळेच्या संगणकावर तो उघडला, इंग्रजी शब्द घालून शोध घेतला. इंग्रजीचा एवढा उत्साही तास आम्ही क्वचितच पाहिला असेल. ते पत्र त्या संचात नाही. लिंकन यांच्या हातचे मूळ पत्र आजवर कोणी दाखवलेले नाही आणि अभ्यासक ते त्यांचे मानत नाहीत.

तेव्हा अकरावीतल्या एका मुलीने विचारले, “फादर, मंग हे खोटंच का? काढून टाकायचं का भिंतीवरून?”

हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नव्हता. त्या मुलीला ते पत्र तोंडपाठ होते. वक्तृत्वस्पर्धेत ते म्हणून तिने बक्षीस मिळवले होते. आम्ही तिला म्हटले, “बाळ, पत्रात सांगितलेली शिकवण तुला खरी वाटली, ती आजही तितकीच खरी आहे. बापटांची मराठी कालच्याइतकीच सुंदर आहे. गेली ती फक्त खालची सही. मात्र उद्या एखाद्या निबंधात ‘लिंकन म्हणतात’ असे लिहिशील, तर ते विधान खोटे होईल.” थोडा वेळ विचार करून ती म्हणाली, “पण मग इतक्या वर्षांत कुणी विचारलं कसं नाही?”

या प्रश्नातच दोन्ही पाठांचे नाते दडलेले आहे. कोणी विचारले नाही, कारण वाक्ये सुंदर होती. पुनरुक्तीने मन लयीत डुलू लागते, विरोधाने विचार धारदार वाटतो, चित्रांनी डोळे भरून येतात. आणि भरल्या डोळ्यांनी माणूस तळटीप पाहत नाही. अलंकार आपल्यावर काय करतो हे ज्याला कळले, तोच त्याच्या मोहातून क्षणभर बाहेर येऊन ‘आधार काय?’ असे विचारू शकतो. म्हणून अलंकाराचा पाठ आधी, आणि आधाराचा त्याच्या लगेच मागून.

जे मोहाचे, तेच रागाचे. इंग्रजी शिक्षणाच्या संदर्भात मेकॉलेच्या नावाने एक उतारा फिरत असतो. भारताचा कणा मोडण्यासाठी येथील शिक्षणपद्धती बदलावी, असे त्याने 2 फेब्रुवारी 1835 रोजी ब्रिटिश पार्लमेंटात सांगितले, असा त्याचा मथळा असतो. त्या दिवशी मेकॉले लंडनमध्ये नव्हताच; तो कलकत्त्यात होता. त्या तारखेचे त्याचे टिपण प्रसिद्ध आहे, उपलब्ध आहे, आणि त्यावर कठोर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु तो उतारा त्यात नाही. खऱ्या टिपणावर टीका करायची तर ते वाचावे लागते. बनावट उताऱ्यावर संतापण्यासाठी काहीच वाचावे लागत नाही.

वाचकहो, हे सारे दुसऱ्यांचे दोष म्हणून आम्ही सांगत नाही. आपल्या घरातही डोकावून पाहावे. श्रीमंताच्या स्वर्गप्रवेशापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणे सोपे, असे प्रभूने म्हटले. ही उघड अतिशयोक्ती आहे. ऐकणाऱ्याने दचकावे म्हणूनच ती योजलेली आहे. काही जणांना ती पेलवली नाही. मग यरुशलेमच्या तटाला ‘सुईचे नेढे’ नावाचा एक ठेंगणा दरवाजा होता, ओझे उतरवून आणि गुडघे टेकून उंट त्यातून जात असे, अशी कथा प्रवचनांतून फिरू लागली. अशा दरवाजाचा कोणताही ऐतिहासिक पुरावा नाही. अलंकार कळला नाही म्हणून आधार बनवला गेला, आणि बनवलेल्या आधाराने प्रभूच्या शब्दांची धार बोथट केली. सेमिनरीत आम्हांस पवित्र शास्त्रातील साहित्यप्रकार ओळखायला शिकवले गेले. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 1965 साली प्रकटीकरणाविषयीच्या संविधानात तेच सांगितले आहे: लेखकाला काय म्हणायचे आहे हे जाणण्यासाठी त्याने कोणत्या साहित्यप्रकारात लिहिले, हे पाहावे.

असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या नावाने आपण गातो ती शांतीची प्रार्थना घ्या. तिचा आजवर सापडलेला सर्वांत जुना पाठ 1912 साली पॅरिसच्या ‘ला क्लोशेट’ या छोट्या मासिकात, कोणाचेही नाव न देता, फ्रेंचमध्ये छापलेला आहे. पुढे ती संतांच्या चित्राच्या पाठीमागे छापली गेली आणि चित्रातले नाव प्रार्थनेला चिकटले. आम्ही ती आजही भक्तिभावाने म्हणतो. तिच्या अनामिक कर्त्याबद्दलचा आदर उलट वाढला आहे, कारण स्वतःला विसरण्याची प्रार्थना लिहून त्याने स्वतःचे नावही विसरू दिले.

त्या शनिवारानंतर मुलांनी वहीत चार प्रश्न लिहून घेतले. हे कोणी म्हटले? कोठे आणि केव्हा म्हटले? मूळ पाहता येते का? आणि दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे त्याला दुजोरा दिला आहे का? आज प्रश्न टाकताच उत्तर लिहून देणारी यंत्रे खेड्यापाड्यांत पोहोचली आहेत. ती उत्तम इंग्रजी लिहितात आणि प्रसंगी अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांची नावेही तितक्याच ऐटीत देतात. तेथेही हेच चार प्रश्न पुरतात. जांबच्या मुलांना तर याचा वारसा घरचाच आहे. समर्थांनी ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेसाठी खर्ची घातला. अक्षर कसे असावे, ग्रंथ कसा लिहावा, याची इतकी काळजी घेणाऱ्या पुरुषाला खालची सही तपासणारी मुले आवडलीच असती.

शहरातल्या मुलाला ग्रंथालय असते, वर्तमानपत्रे असतात, घरात विचारायला चार शिकलेली माणसे असतात. खेड्यातल्या पुष्कळ मुलांना हातातला भ्रमणध्वनी हेच ग्रंथालय. त्यावर शिष्यवृत्तीची खोटी तारीखही येते आणि विम्याची खोटी अफवाही. त्या मुलाला चांगले इंग्रजी यावे, ही इच्छा योग्यच. पण इंग्रजीत छापलेले म्हणून खरे, ही समजूत त्याच्या मनातून जावी, ही अधिक निकडीची गोष्ट आहे.

भिंतीवरच्या पत्राबाबत शिक्षकांत दोन मते पडली. इतक्या वर्षांची चौकट हलवली तर मुलांचा विश्वास उडेल, असे एका ज्येष्ठ गुरुजींना मनापासून वाटत होते. शेवटी चौकट हलली नाही. काचेच्या खाली मात्र एक पांढरी पट्टी चिकटवली गेली. त्या मुलीनेच सुवाच्य अक्षरात, मराठीत आणि इंग्रजीत, तीवर लिहिले: ‘मूळ लेखक अज्ञात. मराठी रूपांतर वसंत बापट.’ परवा शिक्षकमित्रांचे पत्र आले. ती पट्टी पाहून पाचवी-सहावीची पोरेही आता विचारतात म्हणे, “अज्ञात म्हंजी कोण, सर?”