आम्ही पाडलेला उजेड

आयुष्यात मी काय उजेड पाडणार, हा प्रश्न मला शाळेपासून विचारला जात आहे. गणिताच्या मास्तरांनी विचारला, वडिलांनी विचारला, पुढं कचेरीत साहेबांनी विचारला आणि लग्नानंतर तर तो घरातच राहायला आला. त्याला उत्तर द्यायची संधी मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मिळाली. मी मोटारीला नवे दिवे बसवले.

मोटार माझी आहे असं म्हणायची पद्धत आहे. वास्तविक ती सासऱ्यांची. १९८४ सालची पद्मिनी. जन्म कुर्ल्याचा, गिअरचा दांडा स्टिअरिंगला, तब्येत जुन्या हाडाची. सासऱ्यांनी नंबर लावून, वाट पाहून घेतली आणि त्यांच्या पश्चात ती आमच्या दारी आली. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली, त्या दिवशी हिनं आमच्या गाडीला हळदकुंकू लावून नारळ फोडला होता. अशा गाडीला नावं ठेवणं म्हणजे सरळ माहेराला नावं ठेवणं. त्यामुळं ‘रात्री हिच्या दिव्यांचा उजेड पडत नाही’ हे वाक्य मी दोन वर्षं गिळून बसलो होतो.

पडत नाही म्हणजे किती? दिवे लागलेत की नाहीत हे कळायला मला खाली उतरून काचेवर हात ठेवावा लागे. काच कोमट लागली की दिवे चालू. समोरून येणाऱ्यांचे दिवे मात्र असे की प्रत्येकाभोवती हे एवढं खळं आणि त्यातून निघालेले भाले थेट आपल्या डोळ्यांत. जगात सगळ्यांचा उजेड वाढला आणि आपणच तेवढे मिणमिणते राहिलो, अशी माझी खात्री झाली. तशी ती इतर बाबतींत पूर्वीपासून होतीच.

मग गेल्या हिवाळ्यात वाईला हिच्या मावसबहिणीच्या घरचं लग्न निघालं. जेवणं, मानपान, निरोप आणि निरोपानंतरच्या उंबऱ्यातल्या गप्पा यांत रात्र झाली. वाईहून सुरूरच्या फाट्याकडे येताना रस्त्यावर वडाची झाडं. त्यांच्याखाली अंधार तर असा की हातानं बाजूला सारावा. ऊसतोडणीचे दिवस. पुढं उसानं लादलेली बैलगाडी चालली होती. तिला कंदील नाही, लाल काच नाही, काही नाही. मला वाटलं, अंधारच जरा जास्त दाट झालाय.

“अहो, गाडी!” ही किंचाळली.

“गाडीतच आहोत आपण,” हे माझं वाक्य पुरं होईतो उसाची वाढी बॉनेटवर टेकली होती. ब्रेक लागला म्हणून, नाहीतर आम्ही त्या रात्री उसाबरोबर गाळपालाच गेलो असतो. गाडीवान निवांत झोपला होता. बैल तेवढे जागे होते आणि त्यांच्यामुळंच तिकडचा कारभार सुरळीत चालला होता. माझे हात मात्र स्टिअरिंगवरून सुटेनात. शिरवळपर्यंत कुणी बोललं नाही.

शिरवळ गेल्यावर ही म्हणाली, “बाबांच्या वेळी लख्ख उजेड पडायचा.”

“दिवे जुने झालेत.”

“दिवे तेच आहेत,” ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. या वाक्याला पुढचा अर्धा भाग होता. तो तिनं राखून ठेवला.

दुसऱ्या दिवशी शेजारचे आप्पा आले. आप्पांचा जन्म वीज खात्यात गेला. ते निवृत्त झाले तरी त्यांच्या खिशातला मीटर झालेला नाही. त्यांनी बॉनेट उघडलं, दोन टोकं बॅटरीला लावली आणि म्हणाले, “बारा पॉइंट चार.” मग तीच टोकं दिव्याच्या बल्बला लावली. “दहा पॉइंट सहा.”

“मग? दोनचाच तर फरक.”

“अहो, बल्ब साठ वॉटचा. म्हणजे पाच अँपिअर. दोन बल्बांचे दहा. हे दहा अँपिअर बॅटरीतून निघून सरळ दिव्याकडे जातात असं समजू नका. आधी आत बटणाकडं जातात, तिथनं स्टिअरिंगच्या दांडीकडं, मग परत पुढं. वाटेत चाळीस वर्षांचे गंजलेले सांधे. प्रत्येक सांधा आपले हात ओले करून घेतो. आणि दाब थोडा उतरला की उजेड जास्त उतरतो. दहा टक्के दाब गेला की तीस टक्के उजेड गेला. तुमचा चाळीसेक टक्के उजेड वाटेतच खाल्ला जातोय.”

सरकारी योजना गावापर्यंत कशी पोचते याचं इतकं स्वच्छ विवेचन मी कुठल्या अग्रलेखातही वाचलेलं नाही. “यावर उपाय?” मी विचारलं. “रिले,” आप्पा म्हणाले. “रविवारी बसवू.” पण त्या दिवशी होता मंगळवार, आणि उजेड पाडायचा ठरवलेल्या माणसाला पाच दिवस थांबणं शक्य नसतं. मी नाना पेठेत गेलो.

नाना पेठेत मोटारीचं काय मिळत नाही असं विचारू नये. तिथल्या एका दुकानात मी ‘हेडलाइट’ हा शब्द उच्चारताच मालकांनी चहा मागवला. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

“काका, एलईडी टाका. सफेद लाइट! रात्री बारा वाजता दुपारचे बारा. समोरचा आंधळा होईल, आंधळा!”

हे वाक्य तो तक्रार म्हणून नव्हे, गुण म्हणून सांगत होता. आणि मीही ते गुण म्हणूनच ऐकलं, हे कबूल केलं पाहिजे. दोन वर्षं ज्यांनी माझ्या डोळ्यांत भाले खुपसले त्यांचे चेहरे माझ्यासमोर तरळून गेले. मी पैसे मोजले.

बसवायला एक विशीतला पोरगा आला. त्याच्याकडं हत्यारं दोनच: एक पक्कड आणि एक काळी चिकटपट्टी. जुन्या दिव्याची काच काढल्याबरोबर तो हसत सुटला. काचेचा वरचा अर्धा भाग काळ्या रंगानं रंगवलेला होता.

“काका, अर्धा दिवा तर काळा करून ठेवलाय! उजेड येणार कुठनं?”

मला आनंद झाला, लपवत नाही. चाळीस वर्षांत सासऱ्यांची पहिली चूक सापडली होती, आणि तीही अशी रंगवून ठेवलेली. मी दोन्ही काचा घरी नेऊन हिला दाखवल्या. हिनं त्या हातात घेतल्या, फडक्यानं पुसल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि कपाटात ठेवून दिल्या. एक शब्द बोलली नाही. लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर नवऱ्याला बायकोच्या बोलण्याची भीती वाटेनाशी होते. न बोलण्याची वाटते.

नवे दिवे लागले. बल्बाच्या पाठीला चक्क एक चिमुकला पंखा होता. वायरिंगबद्दल एवढंच सांगतो, की हॉर्न वाजवला तर डावा दिवा डोळा मारी, आणि उजवीकडे वळायची खूण दाखवली की दोन्ही दिवे अंग चोरून घेत. “सेट होईल,” पोरगा म्हणाला. पण उजेड! इमारतीच्या आवारात दिवे लावले तर तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी खिडकीत येऊन “कोण आहे?” असं विचारलं.

दिव्यांची परीक्षा घ्यायची तर ती दिवे घाटातच, असा विनोद करून मी त्याच रात्री एकटा सासवडच्या रस्त्याला लागलो. हिनं विनोदाला दाद दिली नाही, बरोबरही आली नाही. घाट चढताना धन्य वाटलं. कठड्याचा दगड न् दगड मोजून घ्यावा. समोरचे लोक दिवे खालीवर करून काहीतरी सांगत होते. मी त्यांना वरचा दिवा मारून उत्तर देत होतो. दोन वर्षांचा हिशेब चुकता होत होता.

एका वळणावर समोरून मोटारसायकल उतरत होती. मला ती स्वच्छ दिसली. तो, मागे बायको, मध्ये पाचसहा वर्षांची पोर. गाडी एकदम डगमगली, रस्ता सोडून कडेच्या खडीत गेली आणि कठड्याला अगदी खेटून थांबली. मी घाईनं उतरलो. कुणाला लागलं नव्हतं. पोरगी आईच्या पदरात तोंड खुपसून होती. मला वाटलं, आता शिव्या बसणार. बसल्या असत्या तर बरं झालं असतं.

“काका,” तो म्हणाला, “आम्ही दिसत होतो का तुम्हाला?”

“हो. अगदी स्पष्ट.”

“आम्हाला तुमची गाडीबी दिसत न्हवती आन् रस्ताबी. पोरीनं डोळं झाकून घेतलं. मला झाकता येत न्हवतं.”

एवढं बोलून त्यानं किक मारली. मी दिवे बंद केले आणि ते वळण उतरून जाईपर्यंत अंधारात उभा राहिलो. घरी परतलो तो सावलीसारखा, कडेकडेनं. वरचा दिवा एकदाही लावला नाही. तरी समोरून येणारा प्रत्येक जण हात डोळ्यांवर धरत होता. मघाशीही धरतच असणार. मघाशी मी दगड मोजत होतो.

रविवारी आप्पांनी बॉनेट उघडलं आणि पहिला प्रश्न विचारला, “फ्यूज कुठाय?”

“पोरगा म्हणाला, फ्यूज सारखा जळतो, काढून टाकू.”

आप्पा थोडा वेळ खालीच बसले. मग उठून त्यांनी सगळं उपटायला सुरुवात केली. “हे बघा, तुमच्या दिव्यातला हा वाटीसारखा आरसा जुन्या बल्बच्या तारेसाठी घडवलाय. ती तार जिथं पेटते, नेमका तिथनं उजेड निघाला तर आरसा तो हवा तिथं टाकणार. ह्या तुमच्या एलईडीचा उजेड निघतोय भलतीकडनं. मग तो फेकला जातो कुठंही, आणि कुठंही म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत.” पुढं दिव्याची मागची तार हलवून म्हणाले, “आणि ह्याला तर अर्थच नाहीये.”

“आता या वयात कशालाच फारसा नसतो, आप्पा.”

“गाडीच्या पत्र्याला जोडतात तो अर्थ हो! रंगावरच स्क्रू पिळलाय. म्हणून हॉर्नचा प्रवाह वाट शोधत दिव्यात शिरतोय.”

आम्ही पत्रा घासून चकचकीत केला. साधे साठ-पंचावन्न वॉटचे बल्ब आणले, आपल्याकडच्या डाव्या बाजूच्या रहदारीला चालतील अशा नव्या काचा आणल्या, जाड तार आणली, पंधरा अँपिअरचे फ्यूज आणले आणि दोन रिले आणले, एक खालच्या दिव्याला, एक वरच्या. रिले म्हणजे दिसायला काळी आगपेटी. तिला पाय चार, पण त्यांचे नंबर तीस, पंच्याऐंशी, शहाऐंशी आणि सत्त्याऐंशी. एक-दोन-तीन-चार का नाहीत, असं मी विचारलं. “जर्मन प्रमाण आहे,” आप्पा म्हणाले. त्यावर वाद संपला.

“रिले म्हणजे शिपाई,” आप्पांनी समजावलं. “साहेबानं नुसती घंटी वाजवायची, गठ्ठा शिपायानं उचलायचा. तुमच्या गाडीत चाळीस वर्षं साहेबच गठ्ठे उचलत होते. आता बटणातनं जाईल ती फक्त घंटी, पाव अँपिअरचीसुद्धा नाही. गठ्ठा बॅटरीतनं जाड तारेनं तीसवर, आणि सत्त्याऐंशीवरनं थेट दिव्याला.”

मीटर लावला. बल्बपाशी बारा पॉइंट दोन. वाटेतले सगळे हात कोरडे!

संध्याकाळी आवाराच्या भिंतीसमोर पंचवीस फुटांवर गाडी उभी केली. आप्पांनी दिव्याच्या उंचीवर खडूनं आडवी रेघ ओढली. “खालच्या दिव्याच्या उजेडाची वरची कड ह्या रेघेच्या दोन इंच खाली यायला पाहिजे. डावीकडं ती जरा वर चढते, कडेचा माणूस दिसावा म्हणून. उजवीकडं सपाट, कारण तिकडनं समोरचा येतो. हां, स्क्रू फिरवा. दिसते का कड?”

मला कड दिसेना. मला एक मोठा, सुंदर, दुधाळ ढग दिसत होता.

“कड कुठाय?”

“ही काय, सुरीनं कापल्यासारखी!” आप्पा म्हणाले. वॉचमनला दिसत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनाही दिसत होती, आणि त्यांनी तसं वरून ओरडून सांगितलं.

ही जवळ आली. हळूच म्हणाली, “अहो, समोरच्या दिव्यांभोवती खळं दिसतं ना तुम्हाला?” वाईच्या रस्त्यावर राखून ठेवलेलं अर्धं वाक्य हे होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांना मीटर लावावा लागला नाही. “मोतीबिंदू. दोन्हीकडं. आतलं भिंग गढूळ झालंय, त्यामुळं बाहेरचा उजेड आत पोचत नाही आणि पोचतो तो पसरतो.” म्हणजे मला रस्ता दिसत नव्हता यात निम्मा दोष तारांचा होता, भाले मात्र सगळे घरचेच होते. महिन्याच्या अंतरानं दोन्ही डोळ्यांतली गढूळ काच काढून नवी बसवली. रिले लागला नाही. पहिली पट्टी निघाली तेव्हा मला प्रथम दिसलं ते भिंतीवरचं सासऱ्यांचं छायाचित्र, आणि ते हसताहेत हे मला त्या दिवशी कळलं.

त्या संध्याकाळी मी हिला म्हणालो, “त्या काचा काढ बघू.” तिनं वर्तमानपत्र सोडलं. काळा रंग इतक्या वर्षांनीही कुठं उडालेला नव्हता. कड तर पट्टीनं आखल्यासारखी सरळ.

“अर्धा दिवा काळा का केला होता गं त्यांनी?”

“तेव्हा सगळेच करायचे. समोरच्याच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून,” ती म्हणाली. “बाबा दर दिवाळीला घरच्या खिडक्यांबरोबर नवा हात द्यायचे.”

परवा पुन्हा वाईला जाऊन आलो. येताना रात्रच झाली. वडाखालचा अंधार तोच, पण उसाची गाडी लांबूनच दिसली. तिच्या बाजूनं पुढं गेलो तर समोरून एक मोटारसायकल येताना दिसली. मी दिवा खाली घेतला. क्षणभरानं त्यानंही घेतला, आणि बाजूनं जाताना हात वर केला.

“पाडलात बाई एकदाचा उजेड,” ही म्हणाली.

“अगं, मी तर आत्ता दिवा खाली घेतला!”

“तेच म्हणतेय मी.”