पहिली नोंद

दरवर्षी ३ फेब्रुवारीस, संत ब्लेझ यांच्या सणादिवशी, आम्ही दोन मेणबत्त्या एकमेकींस छेद देत भाविकांच्या गळ्याशी धरतो आणि कंठविकारांपासून रक्षण मागतो. त्याच कंठाच्या दोन्ही बाजूंनी मेंदूला रक्त पुरविणाऱ्या कॅरॉटिड धमन्या वर जातात. पालीत त्यांच्याविषयी बोलणे सुरू झाले ते एका वयस्क नाखव्यांच्या आजारपणामुळे.

त्यांच्या डाव्या धमनीत चरबीचा थर साचला होता. एके दिवशी उजवा हात काही मिनिटे लुळा पडला व पुन्हा सावरला. पुढे येणाऱ्या पक्षाघाताची ती सूचनाच होती. डॉक्टरांनी धमनीत जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवून वाट मोकळी केली. त्यानंतर तपासणीचे नाव काढले की नाखवा म्हणत, "काही दुखत नाही, फादर, मग जायचे कशाला?"

अडचण इथेच आहे. जखम भरताना व्रण धरतो, तशी स्टेंटच्या आत नवी ऊती वाढते. हे मुख्यतः पहिल्या दोन वर्षांत घडते आणि बहुधा रुग्णास काहीच जाणवत नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातील क्रेस्ट अभ्यासात, दोन वर्षांत सुमारे ६ टक्के स्टेंटधारकांची धमनी पुन्हा फार अरुंद किंवा बंद झालेली आढळली. प्रमाण थोडे खरे, पण त्या सहांत आपण नाही हे मान चाचपून कळत नाही.

कळते ते सोनोग्राफीने. ख्रिश्चन डॉपलर यांनी १८४२ साली प्राग येथे मांडलेल्या तत्त्वावर हे यंत्र धावत्या रक्ताचा वेग मोजते. ओहोटीचे पाणी खाडीच्या अरुंद मुखातून कसे खेचले जाते, हे आमच्या कोळी बांधवांना काय सांगावे! वाट अरुंद, तर धार वेगवान.

मात्र स्टेंटमुळे धमनीची भिंत ताठर होते आणि वाट मोकळी असूनही वेग वाढलेला दिसतो. साध्या धमनीत सेकंदाला १२५ सेंटिमीटरच्या पुढे वेग गेला, की निम्मी वाट बुजल्याचा संशय घेतात. स्टेंट असलेल्या धमनीसाठी २००८ च्या एका अभ्यासाने हीच मर्यादा २२० सुचविली. नाखव्यांचा आकडा १७० आला. कुणा नातलगाने तो साध्या धमनीच्या तक्त्याशी ताडला आणि घरात रडारड झाली. डॉक्टरांनी एकच विचारले, "स्टेंट बसविल्यानंतरचा पहिला रिपोर्ट कुठे आहे?"

तो होडीच्या कागदपत्रांसोबत पत्र्याच्या पेटीत सापडला. त्यावर १६५ होते. म्हणजे विशेष काही बदललेले नव्हते.

आम्हां धर्मगुरूंना याचे नवल वाटू नये. विवाह कुठेही होवो, त्याची नोंद शेवटी स्नानसंस्काराच्या वहीत, त्या पहिल्या नोंदीशेजारीच करावी लागते.

नाखव्यांनी आता दोन्ही रिपोर्ट एकत्र बांधून ठेवले आहेत. पुढची तपासणी जूनमध्ये आहे. मासेमारी बंद असल्याने तेव्हा होडी किनाऱ्यावरच असते.